जिताड्याने न फिटणारं देणं

रायगडात कुणाचे उपकार झाले, की त्याच्या घरी जिताडा पोचवायचा ही जुनी रीत आहे. दवाखान्यात खाट मिळवून दिली, पोराला कामाला लावलं, अडलेला कागद हलवून दिला, की एके दिवशी पहाटे माणूस दारात उभा राहतो, हातात गोणपाटात गुंडाळलेला मासा. तोंडाने फारसं कुणी बोलत नाही. जिताडा पोचला म्हणजे देणं पोचलं, असं दोन्हीकडून धरून चालतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात लोक गावतळ्यांत जिताडे वाढवतात, ते घरच्या कालवणासाठी आणि अशा वेळेसाठीही.

माझ्यावर ज्यांचे मोठे उपकार आहेत, त्यांना मला जिताडा देता आला नाही. ते माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून त्यांच्या घरात मासळी शिजली नव्हती. आणि त्यांचे उपकार तर मासे धरायच्या रिळावरचे.

रेवदंड्यात त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. गाव त्यांना मेस्त्री म्हणायचं, मी मेस्त्रीकाका. मूळ खारेपाटातले. बांधावर आणि पाणी सोडायच्या उघाडीवर लहानाचे मोठे झालेले, म्हणजे मासा कसा वागतो हे त्यांना शिकवायला नको होतं. पण माझी-त्यांची गाठ माशांमुळे पडली नाही, क्लचमुळे पडली.

माझे बाबा बोटीवर इंजिनरूममध्ये होते. एकदा गेले की नऊ-दहा महिने घरी नसायचे. सुट्टीवर आले की मला घेऊन कुंडलिकेच्या खाडीवर गरवायला जायचे. जपानच्या एका बंदरातून त्यांनी रीळ आणि फायबरची काठी आणली होती. ते पुन्हा बोटीवर चढले की ती काठी माझी. कॉलेजात जाणारी मुलगी एकटी साळावच्या पुलाजवळ काठी घेऊन उभी राहते, याचं लोकांना नवल वाटायचं. पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक मला पाठ होतं, जिवंत कोळंबी गरीला कशी टोचायची ते येत होतं, आणि आई काही म्हणायची नाही.

रिळाला मात्र रोग जडला होता. बाबा नसताना ते कित्येक महिने कपाटात पडून असायचं. जिताड्याने कोळंबी घेतली, की त्याची पहिली धाव आखूड आणि जबरी असते. तो वळतो, तिवरांच्या मुळांकडे झेपावतो, मध्येच पाण्याबाहेर उडून डोकं झाडतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की तिला तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, नुसता घासला तरी कापला जातो. त्या पहिल्या धावेला रिळाने न अडखळता दोरा सोडला पाहिजे. त्यासाठीच रिळात ड्रॅग असतो. मासा जागीच रोखून धरणं हे त्याचं काम नाही. ठरलेल्या ओढीच्या वर ओढ गेली की त्याने दोरा द्यायचा, आणि देताना ओढ तितकीच ठेवायची. आमच्या रिळाचा ड्रॅग आधी घट्ट धरून बसायचा आणि मग झटक्याने सुटायचा. पुन्हा धरायचा, पुन्हा सुटायचा. ड्रॅगचा नॉब आवळला की जिताडा पहिल्याच हिसक्याला तोडून जायचा, सैल केला की सरळ तिवरांत घुसायचा. या दोन्हींच्या मध्ये जागाच उरली नव्हती. मुंबईतल्या एका दुकानात दाखवलं, तर नवीन घ्या म्हणाले.

१९९१च्या मे महिन्यात आत्येभावाच्या चेतकचा क्लच घसरत होता म्हणून मी त्याच्याबरोबर गॅरेजात गेले. काकांनी क्लच खोलून ठेवला होता. एका पसरट डब्यात तेलात नव्या कॉर्कच्या प्लेटी भिजत होत्या, शेजारी वर्तमानपत्रावर लोखंडी प्लेटी. एका जातीच्या प्लेटींना बाहेरच्या कडेला दाते, दुसऱ्या जातीच्या प्लेटींना आतल्या कडेला. एक बाहेरच्या टोपलीबरोबर फिरणार, दुसरी आतल्या दांड्याबरोबर, आणि दोघींच्या मध्ये कॉर्क. मी बघतच राहिले. हे मी आधी पाहिलं होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. रिळात दोरा गुंडाळायचं जे स्पूल असतं, त्याच्या पोटात अशाच चकत्या असतात. एकीला बाहेर दोन कान, ते स्पुलाच्या खाचेत बसतात. दुसरीचं मधलं भोक एका बाजूने सपाट, ती दांड्यावर अडकून राहते. मध्ये नमद्याची चकती. स्पूल फिरतं तेव्हा कानवाल्या चकत्या त्याच्याबरोबर फिरतात, सपाट भोकाच्या जागीच राहतात, आणि त्यांच्यातल्या घासण्यावर सगळा खेळ.

दुसऱ्या दिवशी रीळ घेऊन गेले. काकांनी हात पुसले, नॉब काढला, स्पूल वर उचललं, आत डोकावले.

"बाय, हा क्लचच हाय की."

मला वाटलं, ठेवून जा म्हणतील. त्यांनी माझ्यापुढे एक स्टूल सरकवलं, एक जुना पेपर पसरला आणि पेन्सिल दिली. "तू खोल. मी बघतो." गॅरेजात गाड्या येत होत्या, ते अधूनमधून उठत होते, पण रिळाला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. हात माझे, डोळे त्यांचे. माझं ऋण तिथून सुरू होतं.

खोलायच्या आधी त्यांनी जे करायला लावलं ते आज मी प्रत्येकाला करायला लावते. आधी रोग कुठे आहे ते शोधायचं. तंगूस काठीच्या कड्यांतून काढून घ्यायचा आणि सरळ स्पुलावरून हाताने ओढून बघायचा. अडखळतो? मग दोष स्पुलाच्या पोटात. आता तोच तंगूस रिळाच्या तारेवरच्या छोट्या रोलरवरून ओढायचा. जास्त अडखळतो? मग रोलरही दोषी. आमच्या रिळात दोन्ही निघालं. रोलर मिठाने जाम झाला होता, तो फिरतच नव्हता, तंगूस त्याच्यावर नुसता घासत होता. माणसं ड्रॅग खोलत बसतात आणि हा एवढासा रोलर कुणी बघत नाही.

मग रद्दीवाल्याचा ताणकाटा मागवला. तंगूस काट्याच्या आकड्याला बांधला आणि मी हळूहळू ओढायला लागले. काटा चार किलोपर्यंत चढला तेव्हा कुठे स्पूल हललं, आणि हललं तसा काटा एकदम दीडवर आला. पुन्हा चार, पुन्हा दीड. आमचा तंगूस नऊ किलोला तुटणारा. ड्रॅगची ओढ तंगुसाच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याएवढी ठेवावी असा संकेत आहे, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. सरासरी काढली तर आमचा ड्रॅग बरोबर तिथेच होता. पण मासा सरासरीवर तुटत नाही. कड्यांवरचं घासणं आणि डोक्याचा झटका त्या चारात मिळाला की गाठ गेलीच.

"बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला जोर किती लागतो?" काका म्हणाले. "एकदा चालायला लागली की कमी लागतो. चांगल्या ब्रेकात ह्या दोघांत फरक नाय दिसायला पाहिजे."

मी पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले. स्थितिक घर्षण आणि गतिक घर्षण शिकवताना पुस्तकातली लाकडी ठोकळ्याची आकृती काढते, पण मला ते समजलं होतं त्या ताणकाट्यावर.

तारेची कडी काढली आणि एकेक चकती पेपरवर डावीकडून उजवीकडे मांडली, कुठली बाजू वर होती तेही पेन्सिलीने लिहून. नमद्याच्या तिन्ही चकत्या दाबून पत्र्यासारख्या कडक झालेल्या, वरून चकाकत्या. ग्रीस सुकून राळ झालेलं. काकांनी एक चकती नखाने दाबली, ती दबली नाही. "आवळून ठेवलेला होता ना कपाटात?" त्यांनी विचारलं. बाबा काठी गुंडाळून ठेवायचे तेव्हा नॉब जसा असेल तसाच राहायचा. महिनोन् महिने दाबाखाली राहिलेला नमदा परत फुगत नाही.

मग लोखंडी चकत्या. रॉकेलने पुसून एकेक चकती खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर ठेवायची आणि कडेवर बोटाने हलकं दाबायचं. पहिली गप्प बसली, दुसरीही. तिसरीने, कानवालीने, टक असा आवाज केला. विरुद्ध बाजू दाबली, पुन्हा टक. डोळ्यांना सपाटच दिसत होती ती. तो आवाज मला अजून ओळखता येतो. केसाएवढा वाक असला तरी चकती फिरताना एका जागी दाबते आणि दुसऱ्या जागी सोडते, आणि स्पूल प्रत्येक फेऱ्यात एकदा ठेचकाळतं. लाकडी हातोडीने तिला सरळ केली. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर, त्यावर तेलाचा थेंब, आणि चकती आठच्या आकड्यासारखी फिरवत राहायची. आधी उंचवट्यांवरच चमक येते, मग चमक पसरत जाते. सगळा चेहरा एकसारखा करडा झाला की थांबायचं. माझी बोटं दुखायला लागली तेव्हा काकांनी काचेवरची चकती उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. "अजून इथे सावली हाय." मी परत फिरवायला घेतली.

नमदा कुठून आणायचा हा प्रश्न होता. काका भजनी मंडळात टाळ वाजवायचे. मंडळाची पेटी दुरुस्त करणाऱ्या बुवांकडे पट्ट्यांखाली लावायचा लोकरीचा नमदा होता, दाट आणि एकसारख्या जाडीचा. त्यांनी तो मागून आणला. एकादशीला ज्या पेटीवर अभंग होतात, तिच्या नमद्यातून जिताड्याच्या रिळाच्या चकत्या कापायच्या. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही, निदान तोंडावर दिसलं नाही. कंपासने गोल आखला, बाहेरची कड कात्रीने, मधलं भोक पोकळ पंचाने लाकडाच्या ठोकळ्यावर. मग शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर. सकाळी दोन काचांमध्ये दाबून जादा तेल काढलं. कॉर्कच्या प्लेटी तेल पाजल्याशिवाय बसवायच्या नाहीत, हा गॅरेजचा नियम इथेही तसाच लागू झाला. कोरडा नमदा धरतो आणि सोडतो, तेल प्यायलेला सरकत राहतो.

सगळं परत बसवलं. ताणकाटा अडीचला हलला आणि सव्वादोनवर चालत राहिला. मी खूश झाले. काका नाही. "काटा हळू ओढला तू," म्हणाले, "मासा हळू ओढतो का?"

त्यांनी तंगुसाचं टोक मुठीभोवती फडक्यावर गुंडाळलं, मला काठी घेऊन गॅरेजच्या दारात उभं केलं, आणि गल्लीतून चालायला लागले. आधी सावकाश. मग थांबले. मग एकाएकी धावले. पन्नाशीचा, तेलकट खाकी शर्टातला, गळ्यात माळ असलेला माणूस भर दुपारी गल्लीतून धावतोय आणि मागे माझ्या हातात रीळ गातंय. धावता धावता ओरडून विचारत होते, "शेंडा नाचतो का?" काठीचा शेंडा बघायचा. ड्रॅग अडखळत असेल तर शेंडा खालीवर नाचतो. नीट असेल तर शेंडा वाकलेला असतो आणि वाकलेलाच राहतो, दोरा कितीही वेगाने जाऊ दे. आमचा शेंडा हलला नाही. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. काका कोपऱ्यावरून परत आले, दम लागलेला, आणि म्हणाले, "आता झालं."

पैशांचं विचारलं तर पॉलिश पेपरचे तेवढे घेतले.

मी धीर करून विचारलं, की काका, तुम्ही मासे खात नाही, मग माझ्यासाठी एवढं कशाला केलंत? ते बराच वेळ हात धूत राहिले. मग सांगितलं. लहानपणी खारेपाटात उघाडीच्या डबक्यात त्यांना एक मोठा जिताडा सापडला होता. जबड्यात गंजकी गरी, तिला वावभर तंगूस, आणि तो तंगूस तिवराच्या मुळांना गुंतलेला. मासा जिवंत होता, पण अंगावर मांस उरलं नव्हतं. "खाल्ला त्याचं पाप मी बोलत नाय," ते म्हणाले. "जो खातो तो खातो. पण तोडून गेलेला मासा सुटला असं तुम्ही म्हणता ना, तो सुटत नाय बाय. गरी घेऊन फिरतो. तू पकडणारच हायस, तर धड पकड. नायतर सोड. अर्धवट नको."

त्याआधी कितीतरी जिताडे माझ्या दोऱ्यावरून तुटून गेले होते, आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलं होतं ते माझा मासा गेला याचं. गेलेल्या माशाचं पुढे काय होतं हा विचार मला माशाला न शिवणाऱ्या एका माणसाने दिला. तेव्हापासून ड्रॅग माझ्यासाठी शिकारीचं हत्यार राहिला नाही. तो माशाशी केलेला करार आहे असं मी मानते, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

मृगाचा पाऊस पडला, खाडीचं पाणी गढूळ झालं. पहिल्या पुराच्या गोड्या पाण्याबरोबर जिताडे खाडीच्या तोंडाकडे सरकतात, त्यांच्या विणीचे ते दिवस. सुकती लागताना माझी कोळंबी गेली. स्पूल एकसंध आवाजात फिरलं, मासा दोनदा उडाला, तिवरांच्या दिशेला गेला आणि तिथवर पोचायच्या आधी दमला. हातात आला तेव्हा सात किलोच्या वर होता. ही बातमी मी ओल्या कपड्यांनीच गॅरेजात नेली. काकांनी एकच विचारलं, "तोंडात दुसरी गरी नव्हती ना?" मी बघितलं होतं. नव्हती.

जिताडा जन्मतो तेव्हा नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो, हे मला नंतर वाचून कळलं. म्हणजे खाडीतले खूप मोठे जिताडे बहुतेक सगळ्या माद्याच. तेव्हापासून मोठा मासा मी पाण्यातच गरी काढून सोडते. सोडायचा तर त्याला दमवून अर्धमेला करून चालत नाही, आणि त्यासाठी ड्रॅग सैल ठेवून तासभर खेळवत बसण्यापेक्षा योग्य ओढीवर, न अडखळणारा ड्रॅग लागतो. काकांचं ते 'अर्धवट नको' इथेही लागू पडतं.

बाबा परत आले तेव्हा सिंगापूरहून आणलेला पान्यांचा संच त्यांनी काकांना नेऊन दिला. तो काकांनी घेतला आणि शेवटपर्यंत वापरला. बाबांचं त्यांच्याकडे काही देणं असेल तर ते तिथे फिटलं असावं. मी हापूसची पेटी नेली, ती त्यांनी भजनी मंडळात वाटून टाकली. दिवाळीला फराळ नेला, त्याच्या दुप्पट परत आला. त्यांच्याकडून काही घेऊन मोकळं होणं सोपं होतं, त्यांना काही देऊन मोकळं होणं जमायचं नाही.

मग मी त्यांना माहिती न्यायला लागले, ती त्यांना आवडायची. रीळ रिकामं होत जातं तसा तोच ड्रॅग जड होतो, हे एकदा गणित करून दाखवलं. चकत्यांचं घासणं तेवढंच राहतं, पण तंगुसाच्या वेढ्यांचा व्यास निम्मा झाला की दोऱ्यावरची ओढ दुप्पट. म्हणून मासा लांब गेला की घाबरून नॉब आवळायचा नाही, उलट किंचित सैल करायचा. काकांनी मान हलवली आणि पुढे केलेला कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे एकदा सांगितलं, की १९१३ साली कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटापाशी विल्यम बॉशेन नावाच्या गृहस्थांनी ३५५ पौंडांचा तलवारमासा रीळ-काठीवर धरला, आणि त्यांच्या रिळात असा चकत्यांचा ड्रॅग होता. काकांनी लगेच विचारलं, "त्याच्या आधी काय करायचे?" आधी चामड्याचा तुकडा अंगठ्याने स्पुलावर दाबायचे, आणि मासा धावला की रिळाची मूठ उलटी गरगर फिरून बोटं मोडायची. "मग ज्याने हा क्लच आत घातला तो कुणीतरी मोडल्या बोटांचाच असणार," काका म्हणाले.

आता पुण्या-मुंबईची मुलं माझ्याकडे रिळं घेऊन येतात. मी पैसे घेत नाही, पण खोलायचं त्यांनीच. पुष्कळदा रोग वेगळाच निघतो. एकाचा ड्रॅग म्हणे कितीही आवळला तरी धरत नव्हता. ड्रॅग उत्तम होता. गुळगुळीत स्पुलावर त्याने वेणीचा दोरा थेट गुंडाळला होता आणि सगळा गठ्ठाच स्पुलावर घसरत होता. खाली तंगुसाचे काही वेढे घेतले, काम झालं. धुण्याचंही सांगते. खाडीवरून आल्यावर नॉब आवळून वरून गोड्या पाण्याची हलकी धार, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही. वाळलं की नॉब सैल.

काकांच्या शेवटच्या वर्षांत गॅरेज पुतण्या बघायचा. गिअर नसलेल्या स्कूटर आल्या होत्या, कॉर्कच्या प्लेटींचा डबा रिकामा होता. मोतीबिंदूमुळे काकांना बारीक दिसत नसे. मी बाबांच्या त्या रिळासाठी कार्बन फायबरच्या चकत्या मागवल्या होत्या, त्या दाखवायला नेल्या. त्यांनी एक चकती दोन बोटांत धरली, वाकवून बघितली, नखाने दाबली, कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारली.

"तेल पाजायचं का हिला?"

"बोट पुसल्याएवढं ग्रीस, काका. जास्त नको."

"आणि रात्री सैल करतेस ना?"

"कार्बनला दाब बसत नाही, नमद्यासारखं नाही ते. तरी करते."

"करत जा," काका म्हणाले. "कानवाली पत्र्याचीच हाय अजून."